गोटा झालेला नाही

आमच्या घरात टायर बदलायचा की नाही, हे ठरवायची एकच पद्धत होती. आमचे हे बाहेर जायचे, बुटाच्या टोकाने टायरला हलकीशी लाथ मारायचे, वाकून त्याच्या नक्षीवरून अंगठा फिरवायचे आणि निकाल द्यायचे, "गोटा झालेला नाही. चालेल अजून." पुण्यात स्कूटरवर वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. टायर एकतर घासून घासून गोटा झालेला असतो, नाहीतर चांगला असतो. माझ्या माहेरी तर आतली ट्यूब डोकवायला लागेपर्यंत टायरकडे कुणी ढुंकून बघत नसे. लीड्समध्ये आमचे केस पिकले, पण ही अक्कल काही बदलली नाही.

ह्यांची कॅरव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, बसायला कोच, कपाटाएवढं बाथरूम. सॉफ्टवेअरच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी ती सेकंडहँड घेतली आणि घेताना शोधून शोधून जडातली जड घेतली. साधी कॅरव्हॅन दोन चाकांवर चालते, आमची चारांवर. एवढी धर्मशाळा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, तू सामान किती घेतेस ते मला माहीत आहे. ते खरंच होतं. आजूबाजूचे इंग्रज प्लास्टिकच्या ताटल्या नेतात आणि जेवायला पबमध्ये जातात. आमच्याकडे कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, स्टीलचे डबे, लोणच्याच्या बरण्या, तांदळाची पिशवी आणि वर ह्यांची लोखंडी हत्यारांची पेटी. हा सगळा संसार ओढत आम्ही दर उन्हाळ्यात ग्लासगोच्याही पुढे, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जायचो. समुद्राच्या वरच्या अंगाला कॅरव्हॅन उभ्या करायची एक गवताळ साइट आहे, तिथली कोपऱ्यातली जागा आमची ठरलेली. हे घडीची खुर्ची टाकून चहाचा मग घेऊन बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत हलायचे नाहीत. पाणीच आहे ते, उद्याही असेल, असं मी म्हणायचे. त्यावर हे नुसतं हूं करायचे.

लग्न झाल्यापासून मी त्यांना 'अहो' म्हणते आणि ते मला 'अगं'. आमच्या पिढीत तशीच रीत होती आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, पण चिडवायला ते बरं पडायचं. लहर लागली की मी म्हणायचे, जन्मात एकदा तरी मला 'अहो' म्हणून बघा, जीभ झडणार नाही तुमची. हे हसून सांगायचे, म्हणेन गं, वेळ आली की म्हणेन. आमच्या लेकीला या भांडणाची फार गंमत वाटे. ती इथेच जन्मली. तिच्या मराठीत सगळे 'तू', आणि बाबासुद्धा कधी 'आला' तर कधी 'आली'.

टायर फुटला तो समुद्रावरून परत येताना, मोटरवेवर. आम्ही आपले डाव्या लेनमधून, ट्रकांच्या मागे मागे चाललो होतो. मागून धाडकन आवाज आला आणि कॅरव्हॅन अशी काही हलायला लागली की गाडीसुद्धा आपल्या ताब्यात नाही असं वाटलं. चार चाकं होती म्हणून ती उलटली नाही, हे मला नंतर कळलं. ह्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, ब्रेकवर पाय दिला नाही, वेग आपोआप उतरू दिला आणि गाडी अलगद कडेला आणून उभी केली. चालवण्यात तसूभर चूक नव्हती. मी रामरक्षा म्हणत होते आणि भीतीने मधली ओळच विसरले होते. मग आम्ही दोघं कठड्याच्या पलीकडे, पावसाच्या भुरभुरीत, मदतीच्या गाडीची वाट बघत उभे राहिलो. तेव्हा ह्यांनी मला अगदी साध्या आवाजात विचारलं, "आपण चाललोय, की परत येतोय?"

मला वाटलं, घाबरलेत. मीही घाबरलेच होते. घरी चाललोय, असं मी सांगितलं, आणि त्यांनी मान हलवली.

मदतीच्या माणसाने स्टेपनी लावून दिली आणि आम्ही रडतखडत लीड्सला पोचलो. दुसऱ्या दिवशी मी तो फाटलेला टायर अंगणात उताणा पाडून बघितला. नक्षी नव्यासारखी होती, अगदी खोल. हे शेजारी उभे राहून तेच परत परत सांगत होते, बघ, गोटा झालेला नाही, फुटला कसा? मी जन्मभर हॉस्पिटलच्या फार्मसीत काम केलेली बाई. माझ्या हातात कुठलीही वस्तू आली की माझे डोळे आधी तारीख शोधतात. टायरच्या कडेला बारीक अक्षरांच्या रांगेच्या शेवटी चार आकडे होते. औषधाच्या पट्टीवर असतो तसला बॅच नंबर वाटला, म्हणून फोनवर शोधलं. पहिले दोन आकडे म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कुठलं वर्ष. टायर कारखान्यातून बाहेर पडल्याची तारीख होती ती, आणि तेव्हा तर आमची लेक कॉलेजात होती. उरलेले तिन्ही टायर आणि स्टेपनीही त्याच वयाची.

मग मी हात धुऊन त्या विषयाच्या मागे लागले. कॅरव्हॅनचे टायर फिरून मरत नाहीत, उभे राहून मरतात. वर्षातले अकरा महिने एकाच जागी एवढं ओझं डोक्यावर घेऊन उभं राहायचं. रबर आतून कडक होतं आणि बाजूने बारीक चिरा पडतात. पाच वर्षं झाली की बदलायच्या मागे लागा आणि सातच्या पुढे काही झालं तरी वापरू नका, मग नक्षी कितीही शाबूत दिसो, असं जिथेतिथे लिहिलेलं. आणि चिरा आम्हाला दिसल्या कशा नाहीत, तेही लक्षात आलं. दर दसऱ्याला हे कॅरव्हॅन धुऊन पुसून, हळदीकुंकू लावून, सुपरमार्केटमधल्या शेवंतीची माळ घालून तिची पूजा करायचे आणि टायर काळेभोर दिसावेत म्हणून चारी टायरांना खोबरेल तेल चोळायचे. रबराला तेल लावू नये म्हणे. सगळ्या चिरा तेल पिऊन झाकून गेलेल्या. मी हे ह्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि चहा पिऊन झाल्यावर विचारलं, टायर फुटला कसा गं?

त्याच महिन्यात मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. पुढे तपासण्या, स्कॅन, मेमरी क्लिनिक. चित्र काढा, घड्याळ काढा, महिने उलटे म्हणा. बघायला माणूस धडधाकट, रोज पार्कात दोन फेऱ्या मारणारा, केससुद्धा सगळे जागच्या जागी. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं आणि गाडी चालवणं त्या दिवसापासून बंद करायला लावलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या की जे काही करायचं मनात असेल ते लवकर करून घ्या, ह्यांचा उतार वेगाने होईल असं दिसतंय.

कार पार्कमध्ये हे सवयीने ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दाराशी थांबले आणि स्वतःच वळून दुसऱ्या बाजूला येऊन बसले. पट्टा लावला. मग समोर बघत म्हणाले, "मला एकदा समुद्रावर नेशील? मला कळतंय तोवर ने."

मी हो म्हटलं. थंडी संपली की, ईस्टरच्या सुमाराला, असंही म्हटलं. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साडी आण, हे आण, ते आण, असं सगळं मागणं माझंच. त्यामुळे हे एक मागणं तरी मी पुरं करणार होते, आकाशपाताळ एक करून.

लेक लंडनला, हाउन्सलोत राहते, विमानतळाच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात आहे. तिचं म्हणणं, तो कॅरव्हॅन विकून टाक ना आई, आपण तिथे कॉटेज घेऊ, मी ड्राइव्ह करते, सिंपल. तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण हे परक्या घरात गेले की आता गोंधळायचे. लेकीच्या फ्लॅटमध्ये दोन दिवस राहिलो तर न्हाणीघर कुठे आहे ते दर वेळी नव्याने दाखवावं लागलं. कॅरव्हॅनमध्ये मात्र हात आपोआप बटणावर जायचा, पाय आपोआप पायरीवर पडायचा. तिथे ते माझे नेहमीचे अहो होते. मी लेकीला सांगितलं, त्या घरातून नेलं तरच त्यांना समुद्र ओळखू येईल. शेवटी ती म्हणाली, बरं, पण मग टायर तू नीट बघ, प्लीज.

टायर नीट बघणं म्हणजे काय, हे मला कुठे ठाऊक होतं. जवळच्या दुकानात गेले तर काउंटरवरच्या मुलीने मापं बघून ताबडतोब सांगितलं, आहेत, उद्या लावून देतो. मी तिने दाखवलेल्या टायरवरचे आकडे आमच्या जुन्या टायरशी ताडून पाहिले. माप तंतोतंत तेच होतं, पण ओझं पेलायचा आकडा खूप खालचा. साध्या मोटारीचा टायर तो. नाव तेच, रंग तोच, गोळीची ताकद निम्मी, असा प्रकार. माझ्या फार्मसीत कुणी असं औषध दिलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. तिथेही थोडी काढलीच.

पण किती ओझं पेलायचं आहे ते तरी नक्की कुठे माहीत होतं? कंपनीच्या पाटीवर कॅरव्हॅनचं वजन होतं, आमच्या संसाराचं नव्हतं. शेवटी एका मैत्रिणीच्या नवऱ्याला विनवून, वाटेत टायर फुटू नये म्हणून देवाचा धावा करत, ती मुंगीच्या पावलाने ट्रक तोलायच्या काट्यावर नेली. वजन बघून मला घाम फुटला. इतकी वर्षं आम्ही त्या बिचाऱ्या टायरांवर झेपेल त्यापेक्षा जास्त लादून स्कॉटलंडपर्यंत हिंडत होतो. तेव्हा टायर जास्त ताकदीचे हवेत आणि सामानही कमी हवं, असे दोन्ही उपाय करायचे ठरले.

सामान कमी करणं ही तर शिक्षाच झाली. मी सकाळी डबे, बरण्या, कुकर, हत्यारांची पेटी सगळं उतरवून गॅरेजमध्ये ठेवायचे आणि दुकानात जाऊन यायचे, तोवर ह्यांनी ते एक एक करून परत आत नेऊन लावलेलं असायचं. प्रत्येक वस्तू तिच्या नेमक्या जागी, डबे उंचीप्रमाणे. घर रिकामं का करतेस, असं ते विचारायचे. मी समजावायचे, ते पटल्यासारखं करायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा मी फार ओरडले. तर हे तवा हातात धरून अपराधी तोंडाने उभे राहिले आणि आपण काय केलं ते त्यांना आठवेना. मी तो तवा त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच आत नेऊन ठेवला. मग घरात येऊन रडले.

तरी मी हरले नव्हते तेव्हा. जड कॅरव्हॅन ओढायला शिकवणारा एक दिवसाचा कोर्स असतो, तो कोर्सवाल्यांच्याच कॅरव्हॅनवर केला. जुन्या विमानतळाच्या मोकळ्या धावपट्टीवर, बोचऱ्या वाऱ्यात, या वयात. पुढे नेणं जमतं हो, पण मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की कॅरव्हॅन डावीकडे जाते, तिथे माझी बुद्धी चालेना. शिकवणारा दमून गेला. हे शेजारच्या सीटवर कोट घालून शांत बसले होते. अचानक म्हणाले, उलटं, अगं उलटं, आणि आता सरळ कर, आता थांब. कॅरव्हॅन दोन खांबांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरून हलवला. सगळं गेलेलं नाही, ईस्टरला जमणार, अशी माझी खात्रीच झाली.

टायरही पक्के केले. व्हॅनसारख्या मालाच्या गाड्यांचे असतात तसे जाड बाजूंचे, आमच्या भरल्या वजनावरही ताकद शिल्लक राहील असे, चारी एकाच कंपनीचे आणि स्टेपनीसुद्धा. शिवाय रिमच्या खाचेत बसवायचे पोलादी पट्टे, म्हणजे टायर फुटला तरी तो रिमवरून निसटून जात नाही. ऑर्डर देताना मी बजावून सांगितलं होतं, ताजे द्या.

पण ते ताजे नव्हते. घरी येऊन पडल्यावर मी आधी ते चार आकडे वाचले, तर टायर नवेकोरे, कागदी चिठ्ठीसकट, आणि कुठल्याशा गोदामात कित्येक वर्षं पडून राहिलेले. लेक म्हणाली, आई, दे ना लावून, एकदाच जायचं आहे. मी म्हटलं, एकदाच जायचंय म्हणूनच. मोटरवेवरचा तो आवाज मी ऐकलाय, तिने नाही. ती भुरभुर, तो कठडा, आणि चाललोय की येतोय असं विचारणारा माणूस. तसल्या जागी त्यांना घेऊन मी परत उभी राहणार नव्हते. मी टायर परत पाठवले. आजही कुणी तसे आणून दिले तर परतच पाठवीन.

दुसरे यायला वेळ लागला. आज येतील, पुढच्या आठवड्यात येतील, बोट अडकली आहे, असली उत्तरं. मधल्या काळात ईस्टर गेला. ह्यांना छातीचा संसर्ग होऊन हॉस्पिटलात ठेवावं लागलं, आणि तिथून जो माणूस घरी आला तो वेगळाच होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला उतार एका झटक्यात झाला. जेवताना घास तोंडाशी नेऊन थांबायचे. लेक फोनवर आली की कोण बोलतंय असं खुणेने विचारायचे. मला 'अगं' म्हणून हाक मारणं कधी बंद झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. मला वाटायचं, हल्ली बोलतातच कमी. मी रोज फोन करून टायरवाल्यांचं डोकं खात होते. आले की दुसऱ्या दिवशी निघायचं, असं मी लेकीला सांगून ठेवलं होतं.

आले एकदाचे. फिटर व्हॅन घेऊन दारात आला, आणि मी प्रत्येक टायरचे आकडे वाचल्याशिवाय त्याला हात लावू दिला नाही. सगळे त्याच वर्षातले. त्याने जुने उतरवले, पट्टे बसवले, नवे चढवले, हवा मोजून दाखवली आणि जाताना सांगितलं की तीस मैल गेल्यावर चाकांचे बोल्ट एकदा परत आवळून घ्या. ते बोल्ट अजून तसेच आहेत. पण तेव्हा मी खुशीत होते. इतके चांगले टायर त्या गल्लीत कुणाच्या गाडीला नव्हते.

ऊन पडलं होतं. हे सपाता घालूनच बाहेर आले. कॅरव्हॅनभोवती हळूहळू फिरले. पहिल्या टायरला सपातेच्या टोकाने लाथ मारली, वाकून नक्षीवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्याला. चारी टायर तसेच तपासले आणि सरळ उभे राहून म्हणाले, "गोटा झालेला नाही."

 मी मनात म्हटलं, आहेत, माझे अहो अजून आहेत, उद्या सकाळीच निघू. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले, आणि दोन्ही हात मागे घेऊन, ऑफिसातल्या परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने बोलले.

"अहो, तुम्ही टायर नीट बघून लावलेत ना? लांब जायचंय. माझी बायको बसणार आहे गाडीत."

 मला पटावं म्हणून त्यांनी आणखी सांगितलं, "ती भित्री आहे हो. मागच्या वेळी टायर फुटला, तर रामरक्षा म्हणत होती. मधली ओळच विसरली."

"नीट बघून लावलेत," मी म्हटलं. "काळजी करू नका."

त्यांना बरं वाटलं. छान, म्हणाले, मग ती आली की निघू. आणि कॅरव्हॅनच्या पायरीवर, अंग चोरून, शेजारी एका माणसाची जागा ठेवून बसले. मी त्या जागेवर बसायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला आणि सौम्यपणे सांगितलं की ही जागा तिची आहे. म्हणून मी उभी राहिले. नवीन रबराचा वास येत होता. हे गल्लीच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांच्या बाजूला उभी राहून मीही तिची वाट बघत होते.